मौखिक पुनर्जलीकरण विस्तार कार्यक्रम (बांगलादेश)

मौखिक पुनर्जलीकरण विस्तार कार्यक्रम (लघुरूप: ओटेप) हा बांगलादेशातील ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने १९८० ते १९९० या काळात राबवलेला ग्रामीण आरोग्यशिक्षणाचा कार्यक्रम होता. लहान मुलाला जुलाब झाल्यास मीठ, गूळ आणि पाणी यांचे द्रावण घरच्या घरी कसे तयार करावे आणि ते कसे पाजावे, हे घरोघरी जाऊन मातांना शिकवणे हा त्याचा गाभा होता. दहा वर्षांत महिला कार्यकर्त्या सुमारे १ कोटी २० लाख घरांपर्यंत पोहोचल्या. मातेला दिलेल्या माहितीपेक्षा तिच्या लक्षात राहिलेल्या माहितीवर कार्यकर्तीचे वेतन ठरवण्याच्या पद्धतीमुळे आणि माहिती असूनही तिचा वापर का होत नाही, या प्रश्नाचा पाठपुरावा केल्यामुळे हा कार्यक्रम सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात वारंवार उदाहरण म्हणून दिला जातो.

पार्श्वभूमी

१९८०च्या सुमारास जगभरात पाच वर्षांखालील सुमारे ४६ लाख मुले दरवर्षी अतिसाराने मृत्युमुखी पडत, असा त्या काळातील अंदाज होता. यातील बहुतेक मृत्यू गरीब देशांत होत. बांगलादेश हा नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात वसलेला देश आहे. दरवर्षी येणारे पूर, दूषित पाणी, दाट लोकवस्ती आणि कुपोषण यांमुळे तेथे जुलाब व पटकी (कॉलरा) यांचा प्रादुर्भाव नित्याचा होता. ग्रामीण भागात डॉक्टर व रुग्णालये विरळ होती. पावसाळ्यात अनेक गावांतून होडीशिवाय बाहेर पडता येत नसे.

अतिसारातील मृत्यूचे प्रमुख कारण म्हणजे शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होणे, म्हणजेच निर्जलीकरण. लहान मुलाच्या शरीरातील पाण्याचा साठा कमी असल्याने तीव्र जुलाबांत काही तासांतच त्याची प्रकृती गंभीर होऊ शकते. अशा स्थितीत दूरच्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्याइतका वेळ कुटुंबाजवळ उरत नाही. जुलाब होत असताना मुलाचे पाणी व अन्न तोडण्याची समजूतही दक्षिण आशियात अनेक ठिकाणी रूढ होती आणि तिच्यामुळे धोका अधिकच वाढत असे.

ब्रॅकची स्थापना १९७२ मध्ये फजले हसन आबेद यांनी केली. आबेद पूर्वी चितगाव येथे शेल या तेलकंपनीत अधिकारी होते. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामानंतर परतलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी संस्थेने सिलेट भागातील शाल्ला या दुर्गम परिसरात काम सुरू केले. १९७९ हे वर्ष आंतरराष्ट्रीय बालक वर्ष म्हणून साजरे झाले. त्या निमित्ताने बालमृत्यू कमी करण्यासाठी देशव्यापी स्वरूपाचे काम हाती घ्यावे, असा विचार संस्थेत पुढे आला. शाल्ला परिसरात त्याच वर्षी या पद्धतीची प्राथमिक चाचणी घेण्यात आली.

शास्त्रीय आधार

जुलाब चालू असतानाही आतड्यातील पेशी ग्लुकोज शोषून घेऊ शकतात आणि ग्लुकोजबरोबर सोडियमही आत ओढले जाते. सोडियमच्या मागोमाग पाणी रक्तात जाते. म्हणून नुसते पाणी किंवा नुसते मीठपाणी पाजण्यापेक्षा मीठ व साखर यांचे योग्य प्रमाणातील द्रावण अधिक उपयोगी ठरते. सोडियम व ग्लुकोज यांच्या या जोडवहनाची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. त्यापूर्वी, १९५३ मध्ये, कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे द्रावण देण्याचा अनुभव प्रसिद्ध केला होता, परंतु त्याकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही.

ढाका येथील कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये पटकीच्या रुग्णांवर तोंडावाटे देण्याच्या द्रावणाचा यशस्वी प्रयोग केला. शिरेवाटे द्यावयाच्या सलाइनची गरज त्यामुळे मोठ्या प्रमाणात कमी होते, असे दिसून आले. १९७१ मध्ये मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. तेथे सलाइनचा साठा संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पुड्यांत भरून वाटले. द्रावण पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले, अशी नोंद आहे. प्रशिक्षित परिचारिका नसतानाही घरची माणसे हा उपचार करू शकतात, याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला. १९७८ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने सोडियम-ग्लुकोज जोडवहनाचा शोध हा कदाचित शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा आशयाचे मत संपादकीयात व्यक्त केले.

घरगुती द्रावणाची निवड

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ या संस्था त्या काळात तयार पुड्यांचा पुरस्कार करीत होत्या. महाराष्ट्रात जलसंजीवनी या नावाने परिचित असलेल्या पुड्या याच प्रकारच्या आहेत. पुडीतील प्रमाण अचूक असते, हा तिचा मोठा गुण. मात्र १९८०च्या सुमारास बांगलादेशातील प्रत्येक खेड्यात पुरेल एवढे उत्पादन व वितरण शक्य नव्हते. पुडी मिळेपर्यंत मुलाची प्रकृती ढासळण्याची भीती होती. याउलट मीठ व गूळ बहुतेक घरांत असत. उसाच्या किंवा खजुरीच्या गुळात साखरेबरोबर पोटॅशियमही असते आणि जुलाबांत शरीरातून पोटॅशियमही कमी होते, हा आणखी एक फायदा होता.

या निवडीत एक गंभीर धोकाही होता. मीठ जास्त पडल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण वाढून मुलाला झटके येऊ शकतात, प्रसंगी प्राणही जाऊ शकतो. मीठ फार कमी पडल्यास द्रावणाचा अपेक्षित उपयोग होत नाही. निरक्षर मातेला हे प्रमाण सांभाळता येईल काय, याविषयी वैद्यकीय वर्तुळात शंका होती. त्यामुळे मोजमापाची पद्धत घरातील साधनांवर, किंबहुना हातावरच आधारणे आवश्यक होते. चाचण्यांनंतर पुढील कृती निश्चित करण्यात आली:

* अंगठा, तर्जनी व मधले बोट यांनी उचललेली एक चिमूट मीठ;
* एक मूठ गूळ;
* अर्धा शेर, म्हणजे सुमारे अर्धा लिटर, पिण्याचे पाणी.

हे मिश्रण ढवळून गूळ पूर्ण विरघळल्यावर मुलाला थोडे थोडे पाजावयाचे असे. बंगाली भाषेत ते ‘लबण-गुडेर शरबत’ या नावाने ओळखले जाऊ लागले. औषधाऐवजी शरबत हा परिचित शब्द वापरल्याने त्याविषयीची भीती कमी होण्यास मदत झाली.

कार्यपद्धती

पथके

ग्रामीण भागातील थोडेफार शिक्षण झालेल्या तरुण स्त्रियांची कार्यकर्त्या म्हणून निवड करण्यात आली. त्यांची पथके गावाजवळ मुक्काम करीत आणि प्रत्येक घरी भेट दिल्याशिवाय पुढे जात नसत. पथकाबरोबर स्वयंपाकी व पुरुष पर्यवेक्षक असे. स्त्रियांनी घराबाहेर पडून गावोगाव पायी हिंडणे त्या काळातील ग्रामीण बांगलादेशात असामान्य होते. त्यांनी समूहाने राहण्याची व्यवस्था सुरक्षिततेच्या दृष्टीने ठेवण्यात आली होती. एक कार्यकर्ती दिवसाला सुमारे दहा मातांना शिकवीत असे. संध्याकाळी सर्व जणी एकत्र बसून दिवसभरातील अडचणींची चर्चा करीत.

प्रत्यक्ष शिकवणी

कार्यकर्ती मातेच्या घरी, तिच्याच अंगणात किंवा ओसरीवर बसून शिकवीत असे. जुलाब म्हणजे काय, निर्जलीकरणाची लक्षणे कोणती, द्रावण कसे करावे, कधी व किती पाजावे, स्तनपान व आहार चालू का ठेवावा आणि जुलाब टाळण्यासाठी काय करावे, असे विषय त्यात येत. हा मजकूर ‘लक्षात ठेवण्याच्या दहा गोष्टी’ या रूपात बांधला होता. अनुभवानंतर त्यातील मुद्दे कमी करून सातवर आणण्यात आले, कारण एका भेटीत इतके मुद्दे लक्षात ठेवणे जड जात होते.

शिकवणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे मातेने स्वतःच्या हाताने द्रावण तयार करणे. कार्यकर्ती प्रथम कृती दाखवी. नंतर माता घरातीलच मीठ, गूळ व भांडे घेऊन ती करी आणि काय केले ते स्वतःच्या शब्दांत सांगे. अर्धा शेर पाण्याची पातळी घरच्या भांड्यावर खूण करून दाखवली जाई. शेर हे माप सर्वांना माहीत असले, तरी घरोघरची भांडी सारखी नसत. भांड्यावरील खुणेमुळे पाण्याचे प्रमाण चुकण्याची शक्यता कमी झाली.

पडताळणी व मोबदला

कार्यकर्तीच्या भेटीनंतर काही आठवड्यांनी स्वतंत्र पडताळणीस येणारे कर्मचारी काही निवडक घरांना भेट देत. कोणती घरे तपासली जातील, हे कार्यकर्तीस आधी माहीत नसे. मातेला मुद्दे विचारले जात आणि द्रावण करून दाखवण्यास सांगितले जाई. द्रावणांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवून त्यांतील सोडियमचे प्रमाण तपासले जाई. उत्तरे व द्रावण यांवरून मातेला चार श्रेणींपैकी एक श्रेणी दिली जाई आणि श्रेणीनुसार कार्यकर्तीचा मोबदला ठरे. वरच्या श्रेणीसाठी सर्वाधिक रक्कम, त्याखालील श्रेणींसाठी उतरत्या क्रमाने कमी आणि सर्वांत खालच्या श्रेणीसाठी काहीच नाही, अशी ही रचना होती.

या पद्धतीमुळे किती घरांना भेटी दिल्या, या संख्येला फारसा अर्थ उरला नाही. घाईघाईने अधिक घरे उरकणाऱ्या कार्यकर्तीचे नुकसान होई, तर मंदगतीने शिकणाऱ्या मातेजवळ अधिक वेळ बसणाऱ्या कार्यकर्तीस त्याचा लाभ मिळे. प्रयोगशाळेतील तपासणीतून बहुसंख्य माता सुरक्षित व उपयुक्त द्रावण तयार करू शकतात, हे स्पष्ट झाले आणि मातांच्या क्षमतेविषयीची प्रारंभीची शंका बऱ्याच अंशी दूर झाली.

ज्ञान आणि वापर यांतील अंतर

पहिल्या टप्प्यातील पाहण्यांत एक अनपेक्षित बाब उघड झाली. द्रावण कसे करावे हे बहुतेक मातांना आठवत होते, परंतु मुलाला प्रत्यक्षात जुलाब झाल्यावर ते पाजणाऱ्यांचे प्रमाण फारच थोडे होते. संस्थेने याची कारणे शोधण्यासाठी अभ्यास हाती घेतले. त्यांतून मुख्यतः तीन कारणे पुढे आली.

पहिले कारण शब्दाचे होते. कार्यकर्त्या ‘डायरिया’ या शब्दाने सर्व प्रकारचे जुलाब समजत. ग्रामीण माता मात्र जुलाबांचे चार प्रकार मानत: अंगावर पिणाऱ्या बाळाचे ‘दुधहागा’, अपचनामुळे होणारे ‘अजीर्ण’, आव पडणारा ‘आमाशा’ आणि पाण्यासारखे तीव्र जुलाब म्हणजे ‘डायरिया’. शेवटचा प्रकार त्यांच्या दृष्टीने पटकीसारखा होता. साहजिकच शरबत हे केवळ त्या चौथ्या प्रकारावरील औषध आहे, असा समज झाला. घरात रोज दिसणारे जुलाब पहिल्या तीन प्रकारांत मोडत असल्याने शिकवलेली गोष्ट त्यांना लागू होते, हे मातांच्या लक्षातच आले नव्हते. यानंतर शिकवणीत स्थानिक नावे वापरून कोणत्या प्रकारात काय करावे, हे स्पष्ट केले जाऊ लागले.

दुसरे कारण खुद्द कार्यकर्त्यांचे होते. त्यांच्यापैकी अनेकींचा या द्रावणावर पूर्ण विश्वास नव्हता आणि स्वतःला जुलाब झाल्यास त्या गोळ्या-औषधे घेत. मीठ-गुळाचे पाणी गंभीर आजारावर कसे चालेल, ही शंका त्यांच्याही मनात होती आणि ती मातांपर्यंत पोहोचत होती. त्यामुळे द्रावण शरीरात नेमके कसे कार्य करते, याचे अधिक सखोल प्रशिक्षण त्यांना देण्यात आले आणि त्याचा परिणाम त्यांना प्रत्यक्ष दाखवण्यात आला. कार्यकर्त्या मातांसमोर द्रावण स्वतः पिऊनही दाखवू लागल्या.

तिसरे कारण घरातील पुरुषांचे होते. कार्यक्रम केवळ स्त्रियांपुरता आखल्यामुळे पुरुषांना त्याची माहिती नव्हती. आजारी मुलावर खर्च करण्याचा किंवा वैद्याला बोलावण्याचा निर्णय अनेकदा त्यांच्याकडे असे. आपल्याला न विचारता बाहेरच्या स्त्रिया घरात येऊन काय सांगतात, असा रोषही काही ठिकाणी होता. त्यामुळे पुरुष कर्मचाऱ्यांनी बाजार, मशिदी व शाळा येथे सभा घेण्यास सुरुवात केली. गावातील वैदू व औषधविक्रेते यांच्याशीही संपर्क साधण्यात आला. या बदलांनंतर द्रावणाच्या वापरात लक्षणीय वाढ झाली.

विस्तार

कार्यक्रम टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आला. १९८० मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात काही जिल्ह्यांतील सुमारे २५ लाख घरे समाविष्ट होती. पहिल्या टप्प्यातील चुका सुधारून पुढील टप्प्यांत इतर जिल्हे घेण्यात आले आणि १९९०पर्यंत देशाचा बहुतेक ग्रामीण भाग व्यापला गेला. घरभेटींना रेडिओ, भित्तिपत्रके व शाळांतील कार्यक्रम यांची जोड देण्यात आली, तरी प्रत्यक्ष भेट हाच कार्यक्रमाचा कणा राहिला. हजारो कर्मचाऱ्यांची भरती, प्रशिक्षण, पडताळणी व वेतन यांची जी यंत्रणा या काळात उभी राहिली, तिचा उपयोग ब्रॅकला पुढे लसीकरण, क्षयरोग नियंत्रण व प्राथमिक शिक्षण या कामांत झाला.

परिणाम

बांगलादेशात जुलाबांवर तोंडावाटे द्रावण देण्याचे प्रमाण आज जगात सर्वाधिक असलेल्या देशांच्या पंक्तीत आहे. १९८० ते २००५ या काळात तेथे अतिसाराने होणारे बालमृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. ही घट एकट्या ओटेपमुळे झाली असे मानले जात नाही. याच काळात गोवर व इतर रोगांवरील लसीकरण, पिण्याच्या पाण्याची सोय, शौचालये, स्त्रीशिक्षण आणि पोषण यांत सुधारणा झाली. सरकारी कार्यक्रम व ढाका येथील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र यांचेही त्यात योगदान आहे. तथापि जुलाब होताच घरी द्रावण सुरू करण्याची सवय देशभर रुजवण्यात घरोघरच्या शिकवणीचा वाटा मोठा होता, याबाबत अभ्यासकांत सामान्यतः सहमती आहे. कार्यक्रम संपल्यानंतरही हे ज्ञान आईकडून मुलीकडे व सुनेकडे जात राहिले.

मर्यादा व आक्षेप

* गूळ सर्व ऋतूंत व सर्व भागांत मिळत नसे. काही गरीब घरांत तो विकत घेणेही परवडत नसे. पर्याय म्हणून तांदळाच्या पिठापासून केलेल्या द्रावणावर प्रयोग झाले, पण ते शिजवावे लागत असल्याने वेळ व जळण अधिक लागे.
* हाताच्या चिमटीचे प्रमाण व्यक्तीनुसार बदलते. काळाच्या ओघात कृती विस्मरणात जाण्याची शक्यता असल्याने उजळणी आवश्यक होती.
* द्रावण जुलाब थांबवत नाही, ते केवळ पाणी व क्षार भरून काढते. जुलाब बंद होण्याची अपेक्षा ठेवणाऱ्या कुटुंबांना ते निरुपयोगी वाटे आणि औषधांकडे ओढा वाढे.
* आजाराचे मूळ असलेले दूषित पाणी व अस्वच्छता यांवर द्रावण हा उपाय नाही. प्रतिबंधाऐवजी उपचाराचा भार मातेवरच टाकला जातो, अशी टीका काही अभ्यासकांनी या प्रकारच्या कार्यक्रमांवर केली आहे.

नंतरचे बदल

१९९०नंतर तयार पुड्यांचे उत्पादन वाढले, किंमत कमी झाली आणि त्या गावातील किराणा दुकानांतही मिळू लागल्या. त्यामुळे बांगलादेशात आता घरगुती शरबताची जागा मोठ्या प्रमाणात पुड्यांनी घेतली आहे. पुड्या स्वीकारण्यास लोकांना अडचण आली नाही, कारण द्रावण का पाजावे, हे त्यांना आधीच माहीत होते.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ मध्ये सोडियम व ग्लुकोज यांचे प्रमाण कमी असलेल्या नव्या सूत्राची शिफारस केली. या सूत्रानुसार १ लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. २००४ मध्ये त्यास जस्ताच्या (झिंक) गोळ्यांची जोड देण्यात आली. सहा महिन्यांवरील बालकास दररोज २० मिलिग्रॅम व त्याखालील बालकास १० मिलिग्रॅम जस्त १० ते १४ दिवस देण्याची शिफारस होती. भारतातही आशा कार्यकर्त्यांमार्फत ओआरएसच्या पुड्या व जस्ताच्या गोळ्या वाटल्या जातात.

घरी द्यावयाच्या उपचाराची सामान्य तत्त्वे पुढीलप्रमाणे सांगितली जातात:

* पहिल्या पातळ शौचापासूनच नेहमीपेक्षा अधिक पातळ पदार्थ द्यावेत. शक्यतो पुडीचे द्रावण वापरावे.
* प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलिटर व त्यावरील मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्रावण घोट घोट पाजावे. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करावे.
* स्तनपान व आहार बंद करू नये.
* पुडी नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) विरघळवून द्रावण करता येते. ते चवीला अश्रूंहून खारट लागल्यास देऊ नये.
* मूल पाणी पीत नसल्यास, सतत ओकत असल्यास, ग्लानीत असल्यास, झटके आल्यास, डोळे खोल गेल्यास किंवा शौचातून रक्त पडत असल्यास त्वरित दवाखान्यात न्यावे.

अभ्यास व लेखन

ए. मुश्ताक आर. चौधरी व रिचर्ड कॅश यांनी ‘अ सिंपल सोल्यूशन’ (१९९६) या पुस्तकात कार्यक्रमाचा सविस्तर इतिहास लिहिला आहे. ढाक्यातील १९६८च्या प्रयोगात सहभागी असलेले कॅश पुढे या कार्यक्रमाशीही संबंधित होते. इयान स्माइली यांच्या ‘फ्रीडम फ्रॉम वाँट’ (२००९) या ब्रॅकविषयीच्या पुस्तकातही त्याचे विवेचन आहे. वडिलांकडून महाराष्ट्राशी नाते असलेले अमेरिकी शल्यचिकित्सक व लेखक अतुल गवांदे यांनी २०१३ मध्ये द न्यू यॉर्कर या साप्ताहिकात लिहिलेल्या ‘स्लो आयडियाज’ या लेखात ओटेपचे उदाहरण घेतले. उपयुक्त ज्ञानही आपोआप पसरत नाही, ते माणसाने माणसाला समोर बसून द्यावे लागते, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले आहे.

आबेद यांचे २०१९ मध्ये निधन झाले. दिलीप महालनाबिस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण पुरस्कार जाहीर केला.